कुणाला हाक मारली?

सात वर्षांची एक मुलगी रस्त्याने चालली आहे. कुणीतरी 'नेग्रा' अशी हाक मारतं. नेग्रा म्हणजे काळी. मुलगी वळून बघते, कुणाला बोलावताहेत म्हणून. मग तिच्या लक्षात येतं की ती नेग्रा आपणच. मेधिन तेवोल्दे सेर्रानो या दिग्दर्शिकेची ही स्वतःची आठवण आहे आणि तिच्या 'नेग्रा' (2020) या माहितीपटाचा उगम त्यात आहे. दक्षिण मेक्सिकोतल्या पाच काळ्या स्त्रिया या चित्रपटात आपापल्या आयुष्याबद्दल बोलतात, आणि बोलताबोलता ही हाक पुन्हा पुन्हा येते. कधी शिवी म्हणून, कधी लाडाने, पुढे पुढे त्यांच्या स्वतःच्या तोंडून.

त्या मुलीचं मान वळवणं माझ्या डोक्यातून जात नाही. तिला रंग होताच, घरात आरसाही असणार. पण त्या रंगाचं एक नाव असतं आणि ते नाव आपल्याआधी रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. मेक्सिकोतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवरचं हे पुस्तक तिथूनच सुरू करावं असं मला वाटलं. पुढच्या पानांत चित्रपट आहेत आणि चित्रपट संपून दिवे लागल्यावर झालेली बोलणी आहेत. या दोहोंत मला बोलणी जास्त महत्त्वाची वाटतात. ती का, ते येईलच.

मेक्सिको म्हटलं की आपल्यापुढे फ्रिडा काहलो येते, मायांचे पिरॅमिड येतात, मक्याची रोटी आणि मिरची येते. त्यात आफ्रिका नसते. हा दोष आपला थोडा आणि मेक्सिकोचा अधिक. देशाला दोन मुळं, एक स्पॅनिश आणि एक मूळनिवासी इंडियन, दोघांच्या मिश्रणातून झालेला 'मेस्तिसो' म्हणजे खरा मेक्सिकन, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. 1925 साली होसे वास्कोन्सेलोस यांनी 'वैश्विक वंशा'ची कल्पना मांडून या मिश्रणाला तत्त्वज्ञानाचं वजन दिलं. पुढे 1989 मध्ये सरकारच्या सांस्कृतिक खात्याने 'आपलं तिसरं मूळ' नावाचा कार्यक्रम काढला आणि आफ्रिका अधिकृतपणे आठवली. राफाएल रेबोयार यांच्या 2001 सालच्या माहितीपटाचं नावही 'विसरलेलं मूळ' असंच आहे. चित्रपट चांगला आहे, नावाशी माझं थोडं भांडण आहे. विसरलं कोण? ज्या गावांत ते चित्रण झालं ती गावं तर दर नोव्हेंबरात नाचतच होती.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे चित्रपट लटकतील. स्पॅनिश आल्यानंतर देवी-गोवरासारख्या साथींत मूळनिवासी लोक लाखांनी मेले. ऊस, चांदीच्या खाणी आणि गुरांची कुरणं यांना माणसं हवी होती. वसाहतीच्या काळात सुमारे दोन लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून आणली गेली, त्यांतली बहुतेक वेराक्रुझ बंदरात उतरली. सगळ्यांत जास्त आली ती 1580 ते 1640 या साठ वर्षांत, जेव्हा स्पेन आणि पोर्तुगालच्या गाद्यांवर एकच राजा होता आणि गुलामांचा धंदा पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातात होता. याच काळात पलीकडच्या किनाऱ्यावर, आकापुल्कोला, मनिलाहून गलबतं येत. त्यांत गोव्याच्या आणि कोचीनच्या बाजारांत विकली गेलेली माणसंही असत. मेक्सिकोच्या दप्तरात त्या सगळ्यांची जात एकच लिहिली जाई: 'चिनो'. पुएब्ला शहरात 1688 मध्ये वारलेली आणि संतपदाला पोहोचल्यासारखी पुजली गेलेली कातारिना दे सान हुआन ही हिंदुस्थानातून पळवून नेलेली मुलगी, तीही त्या हिशेबाने 'चिना'.

पळून जाणारे पळून जातच होते. वेराक्रुझच्या डोंगरात यांगा नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली अशा पळालेल्यांची वस्ती तीसेक वर्षं टिकून होती. 1609 मध्ये व्हाइसरॉयने त्यांच्यावर फौज पाठवली. फौजेला त्यांचा निकाल लावता आला नाही, शेवटी तह करावा लागला आणि त्यांना स्वतःचं गाव मिळालं. 1932 पासून त्या गावाचं नावच यांगा आहे. आता एक आडवळण. यांगावर फौज चालून गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1610 मध्ये, दख्खनमध्ये गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी खडकी नावाचं शहर वसवत होता. मलिक अंबर आणि यांगा यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण एकाच पिढीत आफ्रिकेतून उचललेली माणसं जगाच्या दोन टोकांना राजांशी तह करत होती, ही गोष्ट मराठी वाचकाने मनात ठेवून पुढचं वाचावं असं वाटतं.

दुसरा धागा शब्दाचा. स्पॅनिशांनी माणसांची जी उतरंड रचली तिला ते 'कास्ता' म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन जातीला लावला आणि तिथून तो इंग्रजीत गेला. अठराव्या शतकात मेक्सिकोत या कास्तांची चित्रं काढून घेण्याची टूम होती. प्रत्येक चौकटीत आई, बाप, मूल आणि खाली मजकूर: स्पॅनिश पुरुष आणि काळी स्त्री यांपासून मुलातो. मग पुढची मिश्रणं, आणि नावं अशी की हसावं की रडावं कळू नये. लांडगा. कोल्हा. 'हवेत लटकलेला'. आणि एका चौकटीत, बहुधा यादी करणाऱ्याचं डोकंच चालेनासं झाल्यावर, नुसतं 'तू मला कळत नाहीस'.

स्वातंत्र्यानंतर, 1822 मध्ये, सरकारी आणि चर्चच्या कागदांवर कुणाचाही वंश लिहू नये असा हुकूम निघाला. हेतू चांगला होता. आफ्रिकी रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा विसेन्ते गेरेरो 1829 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी त्याने गुलामगिरी बंद केली. पण लांडगा-कोल्हा ही नावं वहीतून गेली तशी त्यांच्याबरोबर माणसंही वहीतून गेली. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं कुणी विचारलंच नाही, त्यामुळे उत्तरही आलं नाही. जातनिहाय जनगणनेवर आपल्याकडे जे वाद झडतात ते ज्यांनी ऐकले आहेत त्यांना यातला पेच वेगळा उलगडून सांगायला नको.

गोन्सालो आगिरे बेल्त्रान हे पेशाने डॉक्टर. त्यांनी जुनी दप्तरं उपसून 1946 मध्ये मेक्सिकोतल्या काळ्या लोकसंख्येवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. मग ते प्रत्यक्ष गावात गेले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, आकापुल्कोपासून आग्नेयेला, गेरेरो आणि ओआहाका या दोन राज्यांत पसरलेली जी पट्टी आहे तिला 'कोस्ता चिका' म्हणतात, म्हणजे छोटा किनारा. तिथलं क्वाहिनिक्विलापा हे गाव (तिथले लोक नुसतं 'क्वाही' म्हणतात) त्यांच्या 1958 सालच्या 'क्विहला' या पुस्तकाचा विषय आहे. तेव्हा तिथे गोल घरं होती, गवताने शाकारलेली, मातीच्या भिंतींची. आता तसं घर बघायचं तर गावातल्या संग्रहालयात त्याचा नमुना उभा केला आहे, तिथे जायचं.

या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, तुम्ही इथे कसे आलात? ते सांगतात: जहाज फुटलं, आमचे पूर्वज पोहत किनाऱ्याला लागले. दप्तरं वेगळं सांगतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश जमीनदारांनी इथे गुरांची मोठमोठी कुरणं घातली, त्यांवर काळे गुराखी आणले, आणि पळालेल्या गुलामांनी याच दलदलीत आसरा घेतला. अभ्यासकांना गुराख्यांची हकिकत खरी वाटते, आणि ती आहेच. पण जहाजाची गोष्ट खोटी म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. फुटलेल्या जहाजातून पोहून आलेल्या माणसाला कुणी विकत घेतलेलं नसतं. त्या गोष्टीत पूर्वज किनाऱ्यावर पाय टेकवतात ते मोकळे. माहितीपटात एखादा म्हातारा ही गोष्ट सांगू लागला की कॅमेऱ्यामागचा प्रश्न विचारणारा गप्प होतो की मध्ये बोलतो, यावर नजर ठेवा. त्यावरून त्या चित्रपटाचा स्वभाव कळतो.

आता तो नाच. मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, कोस्ता चिकाच्या गावांत 'दियाब्लो' निघतात, म्हणजे सैतान. तोंडावर मुखवटे, त्यांना घोड्याच्या केसांची लांब दाढी, डोक्यावर शिंगं. फाटके काळपट कपडे. दोन रांगा, कंबरेत वाकलेल्या, पाय जमिनीवर आपटत. त्यांचा म्होरक्या हातात चाबूक घेऊन फिरतो. त्याची बायको मिंगा, म्हणजे बाईच्या वेषातला पुरुष, हातात पोर म्हणून बाहुली घेऊन बघ्यांच्या अंगचटीला जाते आणि हे पोर तुझंच आहे असं म्हणत एखाद्याची फजिती करते. वाद्यं तीनच. एक बाजा, तोंडाने वाजवायचा. दुसरं 'बोते': भोपळ्यावर कातडं ताणून त्यात काठी उभी रोवलेली, ती ओल्या किंवा मेण लावलेल्या हाताने घासली की वाघ गुरगुरल्यासारखा आवाज येतो. तिसरं वाद्य म्हणजे गाढवाचा किंवा घोड्याचा जबडा. तो वाळवतात, दात खोबणींत सैल होईपर्यंत. मग मुठीने ठोसा दिला की सगळे दात एकदम खळखळतात, आणि काठी दातांवरून ओढली की करवतीसारखी करकर. एकच हाड, दोन आवाज. हा जबडा चित्रपटात पहिल्यांदा ऐकलात तर तो यंत्राचा आवाज वाटेल. आवाज वाढवून ऐका.

चित्रपटांच्या बाजूने पाहिलं तर सुरुवात काजळाची आहे. 1948 सालचा 'आन्खेलितोस नेग्रोस', काळे छोटे देवदूत. होसेलितो रोड्रिगेस यांचा, पेद्रो इन्फान्ते नायक. गोऱ्या, सोनेरी केसांच्या गर्विष्ठ बाईला काळी मुलगी होते. ती नवऱ्याला बोल लावते. खरं तर घरातली काळी दाई हीच तिची जन्मदात्री आई असते. रडवण्याची सगळी यंत्रणा चोख आहे, आणि वंशद्वेषाविरुद्धचा कळवळाही खोटा नाही. फक्त त्या काळ्या मुलीचा चेहरा रंगवलेला आहे. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या मुलीलाच ती भूमिका दिली होती. 1970 मध्ये त्याच दिग्दर्शकाने हाच चित्रपट पुन्हा केला तेव्हा दाईच्या भूमिकेसाठी अमेरिकेतून हुआनिता मूर यांना आणलं. कोस्ता चिका मेक्सिको सिटीपासून गाडीने एका दिवसाच्या वाटेवर आहे.

माझा जीव जडला आहे तो मात्र मातिल्दे लान्देता यांच्या 'ला नेग्रा आंगुस्तियास' वर, 1950 सालच्या. मुलातो दरोडेखोराची मुलगी झपाताच्या क्रांतीत कर्नल होते. नायिकेचा चेहरा इथेही रंगवलेला आहे, तेव्हा तेच चाले. पण ज्या कादंबरीवरून चित्रपट केला तिच्यात ही कर्नलबाई शेवटी एका गोऱ्या मास्तराच्या प्रेमात पडून चूल-मूल करत बसते. लान्देतांनी शेवट बदलला आणि तिला पुन्हा घोड्यावर बसवून लढाईत पाठवलं. पुरुषांच्या स्टुडिओत त्यांना असं करू दिलं ते तेवढंच. लागोपाठ तीन चित्रपट केल्यावर पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट करायला त्यांना चाळीस वर्षं थांबावं लागलं. काळा रंग लावलेली गोरी नटी आणि तिच्या आडून दिग्दर्शिकेने काढलेला स्वतःचा राग, असा हा चमत्कारिक चित्रपट आहे. तो पाहून झाल्यावर वाद होतोच, आणि व्हावा.

मग लांब उडी. 2018 मध्ये होर्हे पेरेस सोलानो यांनी ओआहाकाच्या किनाऱ्यावर तिथलीच माणसं घेऊन 'ला नेग्रादा' केला. सगळे कलाकार आफ्रिकी वंशाचे असलेला मेक्सिकोतला पहिला कथापट असा त्याचा बोलबाला झाला. पाणी, मासेमारी, एका पुरुषाची दोन घरं, आजारी बायको. छायाचित्रण देखणं आहे. आणि ज्यांच्यावर चित्रपट होता त्यांतल्या अनेकांना तो आवडला नाही. आधी नावच: 'नेग्रादा' म्हणजे काळ्यांचा घोळका, आणि तोही नाक मुरडून म्हटलेला. शिवाय आळशी पुरुष, बाहेरख्यालीपणा, दारू. शहरातल्या माणसाला किनाऱ्याबद्दल जे आधीच ठाऊक असल्याचा भ्रम आहे तेच पुन्हा. दिग्दर्शक म्हणाले की त्यांनी पाहिलं ते दाखवलं. मला दोन्ही बाजू पटतात आणि तरी कौल द्यायचा झाला तर मी किनाऱ्याच्या बाजूने देईन. चेहरे खरे झाले म्हणून नजर खरी होत नाही. सांद्रा लुस लोपेस बारोसो यांचा 2021 चा 'सावल्यांची बांधिलकी' हा माहितीपट त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. कोस्ता चिकात माणसाला सावली असते, आणि मेल्यावर ती सावली विधिपूर्वक उचलावी लागते अशी समजूत आहे. आगिरे बेल्त्राननीही तिच्याबद्दल लिहिलं आहे. हे अंत्यविधी चालवणारी एक पारलिंगी स्त्री या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. चित्रपट तिचं समर्थन करत नाही आणि तिच्याकडे नवल म्हणूनही बघत नाही. गावाला ती लागते, एवढंच.

बोलणी महत्त्वाची असं मी वर म्हटलं, ते 'नेग्रा' या शब्दापायी. 1984 मध्ये त्रिनिदादचे एक कॅथलिक पाद्री, ग्लिन जेमॉट, ओआहाकातल्या एल सिरुएलो गावी आले. कॅरिबियन काळ्या माणसाला मेक्सिकोत काळी गावं भेटली, आणि त्या गावांना शेजारच्या काळ्या गावांशी एकत्र बसायची सवय नव्हती. 1997 च्या मार्चमध्ये एल सिरुएलोत 'काळ्या गावांचा मेळावा' भरला, तो पुढे गावोगाव फिरत राहिला. रस्ते, शाळा, जमीन हे विषय होतेच. पण पुन्हा पुन्हा चर्चा अडली ती नावावर. स्वतःला म्हणायचं काय? 'नेग्रो' म्हणजे शिवीच, असं म्हणणारे होते, आणि शिवी होती म्हणूनच ती आता आपण घ्यायची, असं म्हणणारेही. 'आफ्रोमेहिकानो' हा शब्द अभ्यासकांचा, घरात कुणी वापरत नाही. बरेच जण म्हणत, आम्ही 'मोरेनो'. मराठीत याला 'सावळा' हा नेमका शब्द आहे, आणि सावळा म्हटलं की आपल्याला विटेवरचा विठ्ठल दिसतो. मेक्सिकोलाही तसंच आहे. ग्वादालुपेच्या माउलीला तिथे लाडाने 'मोरेनिता' म्हणतात, सावळी. अडचण एवढीच की तिचं सावळेपण इंडियन समजलं जातं. त्यामुळे मोरेनो म्हणवून घेतलं की माउलीच्या पदराखाली जागा मिळते आणि आफ्रिका दिसेनाशी होते. हे ज्याला हवं असेल त्याला मी दोष देणार नाही. या पुस्तकात मूळ संवादात जो शब्द आला तोच ठेवला आहे, सगळ्यांचं 'कृष्णवर्णीय' करून टाकलेलं नाही. 'कृष्णवर्णीय' हा शब्द वर्तमानपत्रातला. त्या नावाने अजून कुणी कुणाला हाक मारलेली नाही.

हा नावाचा वाद बसल्या बसल्या केलेली चैन नव्हती. आपल्याच देशात प्रवास करताना पोलिसांनी किंवा स्थलांतर खात्याच्या लोकांनी गाडीतून उतरवून मेक्सिकन असल्याचा पुरावा मागितला, राष्ट्रगीत म्हणून दाखवायला लावलं, हे अनुभव या किनाऱ्यावरच्या लोकांनी वारंवार सांगितले आहेत. काळा आहे म्हणजे क्युबाचा नाहीतर होंडुरासचा, हा हिशेब. कागदावर आपण नाही म्हणून रस्त्यावरही नाही, हे ज्याला असं कळलं त्याला जनगणनेतल्या एका प्रश्नाची किंमत सांगायला नको. 2015 च्या पाहणीत तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला आणि सुमारे 13.8 लाख लोकांनी होय म्हटलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमात आफ्रोमेक्सिकन समाजाचं नाव आलं. 2020 च्या जनगणनेत होय म्हणणारे 25,76,213 झाले, लोकसंख्येच्या दोन टक्के. गेरेरो राज्यात 8.6 टक्के. पाच वर्षांत बारा लाख माणसं काही जन्माला आली नाहीत. वळून बघून 'मलाच हाक मारली' म्हणणारी माणसं वाढली.

जाता जाता एक खाण्यापिण्याची गोष्ट. एबनी बेली ही काळ्या आणि मेक्सिकन अशा दोन्ही घरांची दिग्दर्शिका. तिच्या लघुपटाचं नाव 'हमाइका इ तामारिन्दो'. मेक्सिकोतल्या कुठल्याही खाणावळीत काचेच्या मोठ्या बरण्यांत दोन सरबतं ठेवलेली असतात, एक गडद लाल आणि एक मातकट. ती देशाची आपली, घरची सरबतं. तामारिन्दो म्हणजे आपली चिंच. ती आफ्रिकेची, पण हिंदुस्थानात इतकी जुनी की अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटलं, आणि तेच नाव अंगावर घेऊन ती मेक्सिकोला पोहोचली. हमाइका म्हणजे 'जमैकाचं फूल', आणि ते फूल म्हणजे आपली लाल अंबाडी. तीही आफ्रिकेचीच. आपण पाल्याची भाजी करतो, कण्या आणि डाळ घालून, वर लसणाची फोडणी. ते बोंडावरची लाल दलं वाळवतात.

पुढचा पहिला चित्रपट चारचौघांत बसून लावणार असाल तर हे सरबत आधी करून ठेवा. मूठभर वाळलेली दलं, चार पेले पाणी, पाच-सात मिनिटं उकळी, मग गाळून गार करायचं. साखर वाटते त्यापेक्षा जास्त लागते.